हाडांवर कोरलेले प्रश्न : प्राचीन चीनमधील पितर, बळी आणि विधी

इ.स.पू. १२००च्या सुमारास उत्तर चीनमधल्या एका राजाचा दात दुखत होता. राजाचे नाव वू दिंग, घराणे शांग, राजधानी आजच्या हनान प्रांतातल्या आन्यांग शहराला लागून. दात का दुखतो, हा प्रश्न राजाने वैद्याला विचारला की नाही, हे ठाऊक नाही. आपल्या मृत वडिलांना मात्र त्याने तो नक्की विचारला. कासवाच्या पोटाकडचे कवच तापवून त्याला तडा पाडला गेला आणि त्या तड्यावरून, हे दुखणे स्वर्गवासी वडिलांच्या रोषामुळे आहे की नाही, याचा कौल घेतला गेला. विचारलेला प्रश्न त्याच कवचावर कोरून ठेवला. तीन हजारांहून अधिक वर्षांनी तो आपल्याला वाचता येतो.

चीनच्या प्राचीन धर्माबद्दल आपल्याकडे बहुधा कन्फ्यूशियस, ताओ आणि मग बौद्ध धर्म अशा क्रमाने लिहिले जाते. मला त्याच्याही आधीचा, या हाडांवरचा धर्म जास्त खुणावतो. एक तर तो ग्रंथांतून नव्हे, तर प्रत्यक्ष विधीच्या वेळी केलेल्या नोंदींतून समोर येतो. दुसरे म्हणजे त्याच्यापाशी एक अवघड प्रश्न उभा आहे. पितरांवर इतकी श्रद्धा असलेल्या या समाजाने त्याच पितरांसाठी हजारो माणसे मारली आणि पुढे कित्येक शतकांत ती प्रथा निंद्य ठरवली. पण पितरांची पूजा मात्र सोडली नाही. हे कसे घडले, ते या लेखात पाहू.

औषधाच्या दुकानातून इतिहासात

या हाडांचा शोध १८९९ सालचा मानला जातो. वांग यीरोंग हा बीजिंगच्या राजकीय विद्यापीठाचा प्रमुख आणि जुन्या लेखांचा जाणकार. आजारपणात त्याने औषध म्हणून ‘ड्रॅगनची हाडे’ मागवली आणि त्यांवर त्याला प्राचीन अक्षरे दिसली, अशी कथा सांगतात. औषधाचा भाग मागाहून जोडलेला असावा. मात्र त्याने ही हाडे ओळखली आणि जमवली, हे खरे. पुढच्याच वर्षी परकीय फौजा बीजिंगमध्ये शिरल्या तेव्हा त्याने आत्महत्या केली. त्याच्या संग्रहातला मोठा भाग ल्यू अ या विद्वानाकडे गेला आणि त्याने १९०३ साली अशा लेखांच्या ठशांचे पहिले पुस्तक छापले.

हाडे विकणारे दलाल ती कुठून आणली हे सांगत नसत. १९०८ साली लुओ झेन्यू याने ते ठिकाण शोधून काढले : आन्यांगजवळचे श्याओतुन हे खेडे. १९१७ साली वांग ग्वोवेई याने हाडांवरची राजांची नावे सिमा च्यान याच्या ‘शीजी’ या इतिहासग्रंथातल्या वंशावळीशी ताडून पाहिली. सिमा च्यान हा शांग राजवटीनंतर सुमारे हजार वर्षांनी झालेला. तरीही किरकोळ दुरुस्त्या सोडल्या तर त्याची यादी बरोबर निघाली. ज्या घराण्याला अनेक जण दंतकथा समजू लागले होते, ते इतिहासात परत आले.

१९२८ ते १९३७ या काळात आन्यांगला शास्त्रीय उत्खनन झाले. १९३६ साली एकाच खड्ड्यात १७ हजारांहून अधिक कोरीव तुकडे सापडले. आज ज्ञात तुकड्यांची संख्या दीड लाखाच्या घरात जाते.

कौल लावण्याची रीत

‘कौल’ हा आपल्या कोकणातला शब्द मी इथे मुद्दाम वापरतो. दोन्ही रीतींचा ऐतिहासिक संबंध काही नाही. पण ‘होय की नाही’ अशा बेताने प्रश्न मांडायचा आणि खुणेवरून उत्तर घ्यायचे, ही क्रिया सांगायला मराठीत याहून नेमका शब्द नाही.

बैलाच्या खांद्याचे पसरट हाड किंवा कासवाचे कवच साफ करून घासत. त्याच्या मागच्या बाजूस ओळीने खळगे कोरत, म्हणजे तिथे हाड पातळ होई. मग प्रश्न उच्चारून खळग्याला तापलेली वस्तू टेकवत. पुढच्या बाजूला तडा जाई : एक उभी रेघ आणि तिला फुटलेली एक छोटी आडवी रेघ. चिनी लिपीतले ‘बू’, म्हणजे कौल, हे अक्षर आजही याच आकाराचे आहे.

प्रश्न पुष्कळदा जोडीने असत. कवचाच्या उजव्या बाजूला ‘पाऊस पडेल’, तर डाव्या बाजूला ‘पाऊस पडणार नाही’. पूर्ण नोंदीचे चार भाग असत : तिथी व कौल लावणाऱ्याचे नाव, प्रश्न, राजाने तड्याचा लावलेला अर्थ आणि शेवटी प्रत्यक्षात काय घडले ते. चारही भाग मिळणाऱ्या नोंदी थोड्या, पण त्यांतली एक वाचून मी बराच वेळ थांबलो होतो.

वू दिंगची राणी फू हाव गरोदर होती. बाळंतपण सुखरूप होईल का, असा कौल लावला. राजाने तडा पाहून अमुक वारी झाले तर चांगले, तमुक वारी झाले तर फारच शुभ, असे सांगितले. एकतिसाव्या दिवशी, त्या दोन्हींपैकी एकही नसलेल्या वारी, राणी बाळंत झाली. पुढे नोंद आहे की ते चांगले झाले नाही, मुलगी झाली. तीन हजार वर्षांपूर्वीच्या दरबारातली ही ओळ समजायला आपल्याला भाष्यकार लागत नाही.

हीच फू हाव सैन्याचे नेतृत्व करीत असे. एका नोंदीत तिच्या मोहिमेसाठी १३ हजार माणसांचा उल्लेख येतो. १९७६ साली झेंग झेनश्यांग या संशोधक बाईंनी तिची कबर शोधून काढली. त्या काळची ही एक न लुटलेली राजघराण्यातली कबर : ४६८ काशाच्या वस्तू, ७५५ जेडच्या वस्तू, जवळजवळ सात हजार कवड्या. आणि सोळा माणसे. राणीबरोबर पुरलेली.

मेलेल्यांची उतरंड

शांग लोकांचा सर्वोच्च देव ‘दी’. पाऊस, वारा, पीक आणि शत्रूची स्वारी त्याच्या हाती. पण नवल असे की या ‘दी’ला नैवेद्य वा बळी दिल्याच्या नोंदी जवळपास नाहीतच. बहुधा तो माणसाच्या देण्याघेण्यापलीकडचा मानला जाई. त्याच्यापर्यंत पोहोचायचे ते पितरांच्या शिडीने. नुकता वारलेला पितर त्याच्या आधीच्या पितराकडे पाहुणा म्हणून जाई, तो त्याच्याही आधीच्याकडे, आणि सर्वांत जुना थेट ‘दी’कडे.

डेव्हिड कीटली या अमेरिकन अभ्यासकाने या व्यवस्थेत पुढच्या चिनी नोकरशाहीची बीजे पाहिली. मला त्यांचे म्हणणे पटते. जवळच्या पितरांकडे दातदुखी, स्वप्ने, आजार अशी घरगुती खाती. लांबच्या पितरांकडे पाऊसपाणी आणि पीक. पितर जितका जुना, तितका त्याचा अधिकार मोठा आणि स्वभाव अलिप्त. मृत्यूनंतर प्रत्येकाला दहा दिवसांच्या आठवड्यातल्या एका वाराचे नाव मिळे आणि त्याची पूजा त्याच वारी होई. वू दिंगच्या वडिलांआधी त्याचे तीन चुलते राजे होऊन गेले होते. हाडांवर चौघांनाही ‘पिता’ असेच म्हटले आहे, फक्त वारांची नावे वेगळी.

घराण्याच्या अखेरच्या काळात ही पूजा इतकी शिस्तीची झाली की पाच प्रकारचे विधी सर्व पितरांना क्रमाने पोहोचवायला जवळजवळ एक वर्ष लागे. कौलही एकसुरी झाले. ‘येत्या दहा दिवसांत अरिष्ट नाही ना?’ हा प्रश्न दर दहा दिवसांनी. वू दिंगच्या काळातली धास्ती आणि उत्सुकता जाऊन तिथे कार्यालयीन नोंदवही आली, असे ती हाडे वाचताना वाटते.

मेंढी आणि माणूस

आता त्या अवघड प्रश्नाकडे येऊ. शांगांच्या पश्चिमेला राहणाऱ्या लोकांना ते ‘च्यांग’ म्हणत. या नावाचे अक्षर ‘मेंढी’ आणि ‘माणूस’ या दोन चिन्हांच्या जोडणीतून झाले आहे. बहुधा ते मेंढपाळ होते. लढाईत पकडलेले च्यांग पितरांना बळी दिले जात. किती द्यावेत, यावर कौल लावला जाई. बैल किती, मेंढ्या किती, च्यांग किती, हे एकाच यादीत, एकाच सुरात. एका नोंदीत हा आकडा तीनशे आहे. हू होउश्वान या चिनी अभ्यासकाने हाडांवरच्या अशा नोंदींची बेरीज केली तेव्हा ती १३ हजारांच्या पुढे गेली. ज्या नोंदींत आकडाच दिलेला नाही, त्या यात धरलेल्या नाहीत.

उत्खननाने या नोंदींना दुजोरा दिला. आन्यांगच्या राजस्मशानात बळींचे खड्डे ओळीने सापडले, अनेक सांगाडे शिर नसलेले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा बळींच्या हाडांचे रासायनिक पृथक्करण केले गेले. ही माणसे बाहेरून आलेली होती, पण मारली जाण्यापूर्वी काही वर्षे राजधानीतच राहिली होती, असे त्यातून दिसले. म्हणजे युद्ध संपल्या संपल्या कापलेले हे कैदी नव्हेत. ते तिथले अन्न खात होते, बहुधा तिथे राबत होते. त्यांची गणती झाली होती. पण त्यांच्यापैकी कुणाचा एकही प्रश्न हाडांवर नाही. प्रश्न विचारण्याचा अधिकार राजाचा होता.

इथे ‘त्या काळी असेच असायचे’ म्हणून पुढे जाणे सोपे आहे. पण तसे म्हटले तर पुढचा इतिहासच कळत नाही. कारण ज्या माणसांनी ही प्रथा अमान्य केली, तीही त्याच संस्कृतीतली, तेच विधी करणारी होती.

पितर असूनही हरलेले

इ.स.पू. १०४६च्या सुमारास पश्चिमेकडच्या चौ लोकांनी शांगांचा पराभव केला. एका काशाच्या पात्रावर त्या विजयाचा दिवस कोरलेला आहे. ते पात्र १९७६ साली शान्शी प्रांतात सापडले.

या पराभवाने एक धार्मिक पेच निर्माण केला. पितरांची इतकी काटेकोर सेवा करणारे घराणे बुडाले कसे? चौ राजांचे उत्तर असे : ‘तियेन’, म्हणजे आकाश किंवा स्वर्ग, राज्याचा आदेश सद्वर्तनी घराण्याला देतो आणि वर्तन बिघडले की काढून घेतो. यात राजकारण होतेच. जिंकणाऱ्याला आपल्या बंडाचे समर्थन हवे होते. पण या उत्तराची धार दोन्ही बाजूंनी होती. केवळ बळींच्या संख्येवर स्वर्ग प्रसन्न होत नसेल, तर नव्या राजालाही तोच नियम लागू.

चौ काळात नरबळी पुष्कळ कमी झाले, थांबले मात्र नाहीत. पितृपूजेचा सूरही बदलला. काशाच्या पात्रांवरचे लेख आता पितरांना प्रश्न विचारत नाहीत. ते पूर्वजांचे गुण गातात आणि पुढच्या पिढ्यांनी हे पात्र जपून वापरावे, अशी इच्छा व्यक्त करतात. या काळातला एक विधी मला फार जिव्हाळ्याचा वाटतो. श्राद्धाच्या भोजनात मृत आजोबांच्या जागी नातवाला बसवत. त्याला ‘शी’ म्हणत. त्याला जेवू घालत, मद्य देत, आणि त्याचा बापही त्याला वडिलांसारखा मान देई. तो तृप्त होऊन उठला की आजोबा तृप्त झाले. पितर आता दात दुखवणारी अज्ञात शक्ती राहिला नाही. तो घरातल्या पोराच्या तोंडाने जेवणारा माणूस झाला.

हे कोण खाणार?

इ.स.पू. ६४१ साली सोंग राज्याच्या राजाने त्सेंग या छोट्या राज्याच्या अधिपतीचा भूमिदेवतेपुढे बळी देवविला. ‘झुओझ्वान’ या इतिहासग्रंथात त्याच्या मंत्र्याचा निषेध नोंदला आहे. त्याचा मुद्दा असा : यज्ञ माणसांसाठी असतो, देवांचे यजमान माणसेच आहेत, मग माणूसच कापला तर तो नैवेद्य खाणार कोण? हा युक्तिवाद विधीच्या बाहेरून आलेला नाही. मंत्री देव नाकारत नाही की यज्ञही नाकारत नाही. यज्ञाच्या हेतूकडे बोट दाखवून तो यज्ञातले क्रौर्य उघडे करतो.

तरीही वीस वर्षांनी, इ.स.पू. ६२१ साली, चिन राज्याचा राजा मू वारला तेव्हा ‘शीजी’नुसार १७७ जण त्याच्याबरोबर गेले. त्यांत राज्यातले तीन नामांकित भाऊ होते आणि त्यांच्यासाठी लोकांनी रचलेले शोकगीत चीनच्या सर्वांत जुन्या काव्यसंग्रहात आहे. च्यांग कैद्यांसाठी कुणी गाणे रचले नव्हते. आता मात्र बळी गेलेल्यांची नावे राहिली आणि राजाला दूषण राहिले. चिनमध्ये ही प्रथा इ.स.पू. ३८४ साली राजा श्यान याने अधिकृतपणे बंद केली.

‘लीजी’ या विधिग्रंथातली एक गोष्ट तर आपल्याकडच्या एखाद्या खमक्या काकांना शोभावी अशी आहे. एक गृहस्थ परमुलखात वारला. परलोकी त्याची सेवा करायला जिवंत माणसे पुरावीत, असा बेत त्याची पत्नी आणि घरचा कारभारी यांनी केला. मृताचा भाऊ आला. तो म्हणाला, हे शास्त्राला धरून नाही. पण भावाची शुश्रूषा व्हायलाच हवी असेल, तर पत्नी आणि कारभारी यांच्याहून योग्य कोण? न पुरता भागत असेल तर उत्तम, नाहीतर मी तुम्हा दोघांनाच पुरतो. बेत तिथेच रद्द झाला.

कन्फ्यूशियस (इ.स.पू. ५५१–४७९) याबाबत आणखी पुढे गेला. त्याचे मत मेन्शियसने नोंदले आहे. कबरीत पुरायच्या माणसांच्या बाहुल्या ज्याने प्रथम केल्या, त्याचा निर्वंश होवो, असे तो म्हणे. आपल्याला वाटते, माणसाऐवजी बाहुली पुरणे ही सुधारणाच. कन्फ्यूशियसला त्यात उलटा धोका दिसला. हुबेहूब माणसासारखी वस्तू पुरायची सवय लागली, की माणूस पुरायचे विचार दूर राहत नाहीत.

शीमेन बाव आणि नदीची नवरी

आन्यांगच्या थोडेच उत्तरेला, झांग नदीच्या काठी, ये नावाचे गाव होते. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात शीमेन बाव तिथे अधिकारी म्हणून आला. ‘शीजी’त जोडलेल्या एका प्रकरणात त्याची कथा आहे. गाव उजाड का, असे त्याने विचारले. नदीच्या देवाला दरवर्षी नवरी द्यावी लागते, असे लोकांनी सांगितले. गावचे वडीलधारे आणि कारकून त्यासाठी मोठी पट्टी गोळा करत, थोडा पैसा विधीवर खर्च करत आणि उरलेला भगतिणीशी वाटून घेत. गरिबाघरची मुलगी नटवून एका तरंगत्या शय्येवर बसवत आणि नदीत सोडत. ज्यांना मुली होत्या, ती कुटुंबे गाव सोडून जात होती.

लग्नाच्या दिवशी शीमेन बाव हजर राहिला. मुलगी पाहून म्हणाला, ही देवाला शोभणार नाही. दुसरी शोधतो म्हणून कुणीतरी देवाला कळवून या. आणि म्हाताऱ्या भगतिणीला नदीत टाकले. ती परत येईना, तेव्हा तिच्या तीन शिष्या एकामागून एक पाठवल्या. मग गावचा पुढारी. शीमेन बाव वाकून, आदबीने, नदीकडे पाहत उत्तराची वाट बघत उभा राहिला. कारकुनांची पाळी आली तेव्हा त्यांनी कपाळ फुटेस्तोवर जमिनीवर डोके आपटले. त्यानंतर नवरीचे नाव कुणी काढले नाही. याच कथेनुसार त्याने नदीचे पाणी शेतांना द्यायला बारा कालवे खणवले, आणि त्या खोदाईला लोक कुरकुरले.

या कथेत कितपत अलंकार आहेत, हा वेगळा विषय. पण सांगणाऱ्यांना त्यातले अर्थकारण नेमके दिसले होते. पट्टी कोण गोळा करतो, मुलगी कुणाची जाते आणि उरलेला पैसा कुठे जिरतो, हे सारे तिथे आहे. हाडांवरच्या नोंदींत नेमके हेच नव्हते.

इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या शुन्झीने या साऱ्याला विचाराचे रूप दिले. पावसासाठी विधी केला आणि पाऊस पडला, तर त्याचा अर्थ काय? काहीच नाही, तो म्हणतो. विधी न करताही पाऊस पडतोच. मग विधी का करावा? तर दुःख, ओढ, आदर या भावनांना आकार लागतो म्हणून. जाणत्यांना त्यात संस्कृती दिसते, सामान्यांना त्यात भुतेखेते दिसतात. विधी मोडू नये, पण तो देवाशी केलेला सौदा समजू नये, असे त्याचे मत. वू दिंगच्या कौलापासून हा विचार हजार वर्षे दूर आहे आणि तरी त्याच परंपरेच्या पोटातून आला आहे.

सरळ नसलेली रेघ

मला हा इतिहास प्रगतीची सरळ रेघ म्हणून मांडायचा नाही. इ.स.पू. २१० साली चीनचा पहिला सम्राट वारला. त्याच्यासाठी मातीचे हजारो सैनिक पुरले होते. तरी अपत्य नसलेल्या त्याच्या राण्या मारून बरोबर पुरल्या आणि कबरीचे रहस्य जाणणारे कारागीर आत कोंडले, असे ‘शीजी’ सांगते. कन्फ्यूशियसची भीती खरी ठरली म्हणायची. फार पुढे, मिंग घराण्यात, सम्राटाबरोबर राण्यांना मरायला लावण्याची रीत पुन्हा सुरू झाली. ती १४६४ साली एका सम्राटाने मरताना दिलेल्या आज्ञेने थांबली. ज्ञानी माणसाने एकदा सांगितले आणि जगाने ऐकले, असे होत नाही. तेच पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

तरीही या हजार वर्षांतून एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. नरबळी थांबवणाऱ्यांनी पितरांना सोडले नाही. उलट पितरांच्या नावाने काय चालू द्यायचे, याचा हक्क त्यांनी जिवंत माणसांकडे घेतला. सोंगच्या मंत्र्याने यज्ञाचा हेतू विचारला, त्या भावाने पत्नी आणि कारभाऱ्याचे नाव घेतले, शीमेन बावने निरोप्या बदलला. प्रत्येकाने प्रश्न एकच केला : याची किंमत कोण देतो? आन्यांगच्या दीड लाख तुकड्यांवर पाऊस, पीक, दात, स्वप्न, बाळंतपण यांबद्दल प्रश्न आहेत. हा प्रश्न मात्र तिथे कुणी कोरलेला नाही. तो विचारायला त्या समाजाला आणखी पाचशे वर्षे लागली.

कुठलाही विधी, आपला असो वा परका, समजून घेताना मी आता तो प्रश्न आधी विचारतो. उत्तरात फुले, धान्य, घरच्यांचा वेळ आणि आठवण एवढेच निघाले, तर पितर तृप्त झाले असे मानायला माझी हरकत नाही.